शहराचे वैद्य : सर पॅट्रिक गेडिस



२ ऑक्टोबर म्हटले की आपल्याला महात्मा गांधी आणि लालबहादूर शास्त्री आठवतात. आपल्या शाळेतही त्या दिवशी प्रार्थना होते, भाषणे होतात, मैदानाची सफाई होते. याच तारखेला, १८५४ साली, दूर स्कॉटलंडमधील बॅलॅटर नावाच्या लहानशा गावी आणखी एका थोर माणसाचा जन्म झाला. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण जगाने त्यांना ओळखले ते नगररचनेचे एक आद्य आचार्य म्हणून. आपल्या इंदूरशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे. सफाईसाठी देशात नावाजलेल्या या शहरातील मुलांना तो ठाऊक असावा, म्हणून या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

पॅट्रिकचे वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ या शहराजवळच्या एका टेकडीवरील घरात राहायला आले. घराभोवती बाग होती. बियाणे कधी पेरायचे, वाफे कसे करायचे, झाडाला पाणी किती द्यायचे, हे वडिलांनी मुलाला हाताला धरून शिकवले. खाली पसरलेले शहर, पलीकडे नदी आणि डोंगर हे सारे त्या टेकडीवरून एका नजरेत दिसत असे. शहराकडे उंचावरून, सगळे मिळून एक असे पाहण्याची सवय त्यांना इथेच लागली असे म्हणायला हरकत नाही.

शाळा संपल्यावर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली, पण मन रमले नाही. एडिनबर्ग विद्यापीठात नाव घातले, तेही आठवड्याभरात सोडले. मग लंडनला जाऊन थॉमस हक्स्ले या प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञांच्या हाताखाली अध्ययन केले. आश्चर्य म्हणजे या माणसाने विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही. पुढे मात्र ते दोन विद्यापीठांत प्राध्यापक झाले. पदवीला किंमत नाही, असा याचा अर्थ मुलांनी घेऊ नये! शिकण्याची भूक त्यांना जन्मभर होती, एवढाच बोध यातून घ्यावा.

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांच्यावर मोठा आघात झाला. डोळ्यांना विकार जडला आणि दृष्टी गेली. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. वय अवघे पंचवीस. ज्याचे सारे काम सूक्ष्मदर्शकावर, त्याचे डोळेच गेले तर पुढे काय? त्या अंधारात ते हाताने चाचपून विचार करू लागले. कागदाला घड्या घालायच्या, प्रत्येक चौकोनाला एकेक विषय द्यायचा आणि त्या विषयांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे शोधायचे, अशी रीत त्यांनी बसवली. पुढे दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करण्याइतकी ती राहिली नाही. मग लहानातले लहान पाहण्याऐवजी त्यांनी मोठ्यातले मोठे पाहायला घेतले. झाड जसे माती, पाणी आणि प्रकाश यांवर जगते तसा माणूस आपल्या गल्लीवर, घरावर आणि कामावर जगतो, हा त्यांच्या विचाराचा पाया झाला. जागा, काम आणि माणसे या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही शहराचे दुखणे कळत नाही, असे ते शिकवीत.

१८८६ साली त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. लवकरच हे दांपत्य एडिनबर्गच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या एका पडक्या, गलिच्छ चाळवजा इमारतीत राहायला गेले. शहरातली सुखवस्तू कुटुंबे केव्हाच तिथून उठून नव्या वस्तीत गेली होती. मागे राहिले होते गरीब लोक, कोंदट खोल्या आणि रोगराई. गेडिस पतिपत्नींनी कोणाला उपदेश केला नाही. आधी स्वतःची जागा झाडली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. मग शेजाऱ्यांना हाताशी धरले. जिथे एखादी इमारत पडून मोकळी जागा झाली होती, तिथला राडारोडा उचलून छोट्या बागा केल्या. पुढे अशा बागांचे काम त्यांची कन्या नोरा हिने मोठ्या निष्ठेने सांभाळले. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहेही त्यांनी याच जुन्या भागात सुरू केली, म्हणजे शिकलेली तरुण मंडळी आणि गरीब वस्ती एकमेकांपासून तुटणार नाहीत.

१८९२ साली त्यांनी एडिनबर्गच्या किल्ल्याजवळची एक उंच इमारत घेतली आणि तिचे आउटलुक टॉवर केले. माथ्यावर आरसे व भिंग बसवलेली अंधारी खोली होती. आत उभे राहिले की साऱ्या शहराचे हलते चित्र पांढऱ्या मेजावर उमटे. खालच्या मजल्यांवर आधी त्या शहराची माहिती, मग स्कॉटलंडची, मग युरोपची आणि शेवटी जगाची. विद्यार्थ्याने आधी स्वतःचे गाव पाहावे, मग जग, असा त्यातला हेतू होता. याच काळात डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते काम वर्षातून फक्त एका सत्राचे असे, म्हणून उरलेला वेळ शहरांच्या कामाला देता येई.

या साऱ्या अनुभवातून त्यांनी एक तत्त्व काढले. डॉक्टर रोग्याला न तपासता औषध देत नाही, तसे शहराची पाहणी केल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नये. आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर जितकी आवश्यक तितकीच करावी. एक पडके घर काढून तिथे चौक करता येत असेल तर त्यासाठी सगळी गल्ली पाडू नये.

हे आज आपल्याला सोपे वाटते. त्या काळी चाल उलट होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि हजारो माणसे दगावली. १८९८ साली तिथे शहर सुधारणेसाठी सरकारने ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढायचे, म्हणजे हवा खेळेल आणि रोग जाईल, असा तेव्हाचा समज होता. हवा खेळली, रस्तेही झाले, पण ज्यांची घरे गेली ते लोक कुठे गेले? शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत त्यांनी आसरा घेतला आणि तिथली दाटी आणखी वाढली. रोग एका गल्लीतून उठून दुसरीत गेला. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत काम करताना ओळखले होते. उंदीर अडगळीत, धान्याच्या सांडलवंडीत आणि मोडक्या भिंतींच्या बिळांत राहतात. घर पाडून ते मरत नाहीत, शेजारच्या घरात जातात. घर दुरुस्त करून, स्वच्छ ठेवून मात्र त्यांना हटवता येते.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली गेडिस भारतात आले. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे जमवून त्यांनी एक मोठे प्रदर्शन तयार केले होते. ते दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते. एमडेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि अनेक वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. गेडिस खचले नाहीत. मित्रांनी मायदेशी धावपळ करून नवे साहित्य पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

पुढील काही वर्षांत त्यांनी भारतातील सुमारे पन्नास गावांची आणि शहरांची पाहणी केली. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचा अहवाल लिहिला. ते पहाटे उठून बोळाबोळांतून पायी हिंडत. विहिरी, देवळे, पार, तलाव, आंगणे पाहत. आपल्या लोकांना ज्याची सवय झाल्यामुळे किंमत वाटेनाशी झाली होती, त्यात त्यांना आरोग्याची साधने दिसत. उदाहरणार्थ, डासांच्या भीतीने गावातले तलाव बुजवण्याची तेव्हा टूम होती. गेडिस म्हणत की तलाव राहू द्या, त्यात मासे आणि बदके सोडा. डासांच्या अळ्या ते खातील, आणि तलावामुळे उन्हाळ्यात गावाला गारवाही राहील. घरातील तुळशीवृंदावनाचेही त्यांना विशेष कौतुक होते. ज्या घरात बाई रोज तुळशीपुढे सडा घालते, ते घर आतून निगराणीत असते, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण गेले. एप्रिल महिन्यात थोरला मुलगा ॲलॅस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. तार भारतात पोचली तेव्हा पत्नी ॲना विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. हा धक्का त्यांना सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती बातमी लपवली. मुलगा जिवंत असल्यासारखे त्यांच्याशी बोलत राहिले. मुलगा गेल्याचे न कळताच, थोड्याच दिवसांत ॲनांनी डोळे मिटले. ज्या रोगांशी या दोघांनी तीस वर्षे एकत्र झुंज दिली, त्यातल्याच एकाने तिला नेले.

याच दुःखाच्या वर्षात गेडिस इंदूरचे काम करीत होते. तेव्हा इथे महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) राज्य करीत होते. कापडगिरण्यांमुळे शहर भराभर वाढत होते. खान नदी, जिला आज आपण कान्ह म्हणतो, आणि सरस्वती या दोन्ही नद्यांचे काठ घाण झाले होते. प्लेग आणि मलेरिया दोन्ही ठाण मांडून होते. गेडिस नकाशे घेऊन गल्लीत शिरले की लोक घाबरत. हा गोरा म्हातारा कागद घेऊन आला, म्हणजे आता आपले घर पाडणार, असे त्यांना वाटे. लोकांचीही काय चूक? नकाशे घेऊन येणाऱ्यांचा तोपर्यंतचा अनुभव तसाच होता.

गेडिस यांच्या ध्यानात आले की लोकांची भीती गेल्याशिवाय शहर स्वच्छ होणार नाही. त्यांनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली. मला एका दिवसापुरता महाराजा करा! तुकोजीरावांनी ती मान्य केली. दिवाळी जवळ आली होती. चरित्रकार सांगतात की गेडिस यांनी शहरभर दवंडी पिटवली. यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल, पण ती ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यातली घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्याच मोहल्ल्यातून ती जाईल. घरातली अडगळ आणि कचरा निःशुल्क उचलून नेण्याची व्यवस्थाही केली.

मग काय विचारता! मिरवणूक आपल्याच दारावरून जावी म्हणून सारे शहर कामाला लागले. घरे सारवली गेली, भिंतींना रंग लागला, पायऱ्या दुरुस्त झाल्या, वर्षानुवर्षे साठलेले सामान बाहेर निघाले. हजारो गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. हजारो उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती, उंट, घोडेस्वार आणि बँड होतेच. त्यामागून पडक्या, घाणेरड्या घरांचे देखावे आले, घाणीचा राक्षस आला आणि प्लेगचा भला मोठा उंदीर आला. त्यानंतर जे आले ते इंदूरने आधी कधी पाहिले नव्हते. शहरातील सफाई कामगार, स्त्रिया आणि पुरुष, पांढरेशुभ्र कपडे घालून, फुलांनी सजवलेले झाडू खांद्यावर घेऊन मानाने चालत होते. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या होत्या, बैल सजवलेले होते. ज्यांची सावली पडू नये म्हणून लोक बाजूला होत, त्यांच्यावर त्या दिवशी फुले पडली. शेवटी नव्या घरांचे, बागांचे आणि पुढच्या सुंदर इंदूरचे देखावे होते. रात्री दसऱ्याच्या रावणासारखा तो राक्षस आणि तो उंदीर जाळण्यात आला.

पुढे साथ ओसरली. ते सारे श्रेय मिरवणुकीला देणे बरोबर होणार नाही, कारण प्लेगची साथ हंगामानुसार चढते आणि उतरते. पण घरे स्वच्छ झाली, उंदीर हटले, आणि आपल्या गल्लीचे आरोग्य आपल्या हाती आहे हा विश्वास लोकांना आला. सरकारी हुकमाने किंवा दंडाने हे साधले नसते.

१९१८ साली गेडिस यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. होळकर संस्थानच्याच छापखान्यात तो छापला गेला. नद्या स्वच्छ करून दोन्ही काठांवर बागा कराव्यात, जुन्या वस्तीत कमीत कमी पाडापाडी करून मोकळे चौक काढावेत, गिरणीकामगारांना मोकळ्या हवेची घरे द्यावीत, मैल्याचे खत करून ते बागांना द्यावे, अशा सूचना त्यात आहेत. इंदूरला स्वतःचे विद्यापीठ असावे असेही त्यांनी त्यात मांडले. ते विद्यापीठ १९६४ साली झाले. आज आपण त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालय म्हणतो. नद्यांविषयीच्या सूचना मात्र बऱ्याचशा कागदावरच राहिल्या. त्यातल्या काही वेळीच अमलात आल्या असत्या तर कान्हच्या काठाने नाकाला रुमाल न लावता फिरता आले असते.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक नेमले. दाढीत हरवणारा त्यांचा आवाज आणि एका विषयातून दुसऱ्यात उड्या मारणारे भाषण समजून घेताना विद्यार्थ्यांची तारांबळ उडे, असे म्हणतात. तरीही त्यांनी माणसे घडवली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांच्याच शिफारशीवरून उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. १९२४ साली घुर्ये मुंबईच्या त्या विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे भारतीय समाजशास्त्राचे एक प्रवर्तक म्हणून मान्यता पावले. जगदीशचंद्र बोस यांच्याशी गेडिस यांचा स्नेह होता. बोस यांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केले.

प्रकृती साथ देईना म्हणून १९२४ साली ते भारत सोडून फ्रान्समधील मॉंपेलिए येथे गेले. तिथेही स्वस्थ न बसता त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवासी संस्था उभारली, बाग केली आणि १९२५ साली तेल अवीव शहराचा आराखडा दिला. १९३२ च्या आरंभी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी मॉंपेलिए येथेच त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पहिले आले, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. या यशात नगर निगमचा वाटा आहे, नागरिकांचा आहे, आणि सर्वांत मोठा वाटा पहाटे आपण झोपेत असताना रस्ते झाडणाऱ्या हातांचा आहे. शंभर वर्षांपूर्वी गेडिस यांनी त्या हातांना मिरवणुकीत मान दिला. आपण रोज किती जणांना नावाने ओळखतो, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे.

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक उपक्रम ठेवत आहोत. प्रत्येकाने आपल्या गल्लीचा नकाशा स्वतः पायी फिरून काढावा. त्यात झाडे, नळ, गटारे, पाणी साचणाऱ्या जागा, लहान मुलांना खेळायची जागा आणि म्हाताऱ्या माणसांना टेकायला असलेले पार किंवा बाक दाखवावेत. कचरा उचलणाऱ्या काकांचे किंवा मावशींचे नाव विचारून, त्यांची परवानगी घेऊन, नकाशाखाली लिहावे. शेवटी, काहीही न पाडता आपल्या गल्लीत कोणती एक सुधारणा करता येईल, ती पाच ओळींत मांडावी. पालकांनी मुलांबरोबर जरूर फिरावे, पण नकाशा मुलांनाच काढू द्यावा. चांगले नकाशे शाळेच्या सभागृहात लावले जातील, आणि ते पाहायला त्या सफाई कामगारांनाही आम्ही सन्मानाने बोलावणार आहोत.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.